संस्थेत बंदिस्त व्यक्तींचे हक्क आणि शासनाची न्यायालयीन जबाबदारी : नागपूर मनोरुग्णालयाच्या अनुषंगाने एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मनोरुग्णालय, कारागृह, भिक्षेकरीगृह, निरीक्षणगृह, महिला संरक्षणगृह, मतिमंद बालकांचे वसतिगृह अशा संस्थांची उद्दिष्टे परस्परांहून भिन्न आहेत. कोठे उपचार, कोठे शिक्षा, कोठे सुधारणा तर कोठे संरक्षण अभिप्रेत असते. तरीही या सर्वांमध्ये एक समान धागा आढळतो. तेथे राहणारी व्यक्ती स्वेच्छेने बाहेर पडू शकत नाही आणि तिचे गाऱ्हाणे बाहेर पोहोचविण्याचे साधनही तिच्या हाती नसते. सामान्य नागरिकाचा हक्क डावलला गेल्यास तो वकील गाठतो, कचेरीत अर्ज देतो, वृत्तपत्रात लिहितो. संस्थेतील व्यक्तीला पत्र टाकण्यासाठीदेखील ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच अधिकाऱ्याची अनुमती घ्यावी लागते.

यातून राज्यशास्त्राच्या व कायद्याच्या अभ्यासकांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या शासनाने एखाद्या व्यक्तीला आपल्या ताब्यात ठेवले, त्याच शासनाकडून तिच्या हक्काचा भंग झाला, तर शासनाला न्यायालयात उभे कोणी करावे? अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर १९८० मध्ये एका स्वतंत्र कायद्याने दिले. भारतात असा कायदा झाला नाही. येथे हे उत्तर तुकड्यातुकड्याने घडत गेले आणि त्याची मुळे थेट १८५८ पर्यंत जातात. प्रस्तुत निबंधात हा प्रवास मुख्यतः नागपूरच्या मनोरुग्णालयाच्या व वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे. समुद्रपूर तालुक्यातून नागपूर सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे आणि या परिसरातील मनोरुग्णासाठी शासकीय मनोरुग्णालय म्हणजे नागपूर, ही गोष्ट दीडशे वर्षांत बदललेली नाही. म्हणून हा विषय दूरच्या शहराचा नाही.

१८५८ चा कायदा आणि ‘अभ्यागत’

१८५८ मध्ये कंपनी सरकारचा कारभार संपून राणीचा कारभार सुरू झाला. त्याच वर्षी वेडसर व्यक्तींविषयी तीन कायदे लागोपाठ करण्यात आले. त्यांपैकी चौतिसावा व पस्तिसावा हे मुख्यतः अशा व्यक्तींची मिळकत व तिचा कारभार यांविषयी होते. छत्तिसावा कायदा ‘वेड्यांच्या इस्पितळां’चा होता. मिळकत असलेल्यांसाठी दोन कायदे आणि प्रत्यक्ष माणसांसाठी एक, हे प्रमाण तत्कालीन राज्यकर्त्यांच्या दृष्टीविषयी बरेच काही सांगून जाते.

या छत्तिसाव्या कायद्याप्रमाणे रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेडसर व्यक्तीस पोलिसांनी पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, दंडाधिकाऱ्याने वैद्यकीय अधिकाऱ्याचे मत घेऊन तिची रवानगी इस्पितळात करावी, अशी व्यवस्था होती. आत जाण्याचा मार्ग असा अगदी स्पष्ट होता. बाहेर येण्याचे मार्ग मात्र दोनच होते, आणि दोन्ही दुसऱ्या कोणाच्या तरी हाती होते.

पहिला मार्ग अभ्यागतांचा. प्रत्येक इस्पितळासाठी किमान तीन अभ्यागत नेमावेत, त्यांतील एक तरी वैद्यकीय अधिकारी असावा, त्यांपैकी दोघांनी किंवा अधिकांनी महिन्यातून एकदा तरी इस्पितळाची पाहणी करावी, अशी तरतूद होती. एखादी व्यक्ती मुक्त करण्यायोग्य झाली आहे असे अभ्यागतांना वाटल्यास तिला सोडण्याचा आदेश देण्याचा अधिकारही त्यांना होता. आतल्या माणसाला पाहण्यासाठी बाहेरचा माणूस ठराविक काळाने आत आला पाहिजे, ही कल्पना मुळात उत्तम होती. इंग्लंडमध्ये खाजगी वेडघरांतील अत्याचार उघडकीस आल्यानंतर तेथील कायद्याने ती स्वीकारली होती आणि तेथूनच ती येथे आली. परंतु येथे येताना तिच्यात एक फरक पडला. तुरुंगांचे निरीक्षक हे पदसिद्ध अभ्यागत ठरले आणि उर्वरित अभ्यागतांची नेमणूकही सरकारच करणार होते. त्यामुळे जो बाहेरून येणार तोही बहुधा सरकारचाच माणूस असे.

दुसरा मार्ग हमीचा. रुग्णाचा नातेवाईक किंवा स्नेही पुढे आला, त्याने रुग्णाची नीट काळजी घेण्याची व त्याच्याकडून स्वतःस अगर इतरांस इजा होऊ न देण्याची हमी दिली, तर रुग्ण त्याच्या स्वाधीन करता येत असे. या दोन मार्गांचे पुढे काय झाले, हाच या निबंधाचा विषय आहे.

मध्यप्रांताची स्थापना १८६१ मध्ये झाली. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. त्या काळी वर्धा जिल्ह्यात वर्धा, आर्वी व हिंगणघाट अशा तीन तहसिली होत्या आणि आजच्या समुद्रपूर तालुक्याचा परिसर हिंगणघाट तहसिलीत मोडत असे. लोकांच्या बोलण्यात या इस्पितळाला ‘पागलखाना’ हेच नाव पडले आणि शासनाने पुढे कितीही नावे बदलली तरी ते पुसले गेले नाही.

एका प्रसिद्ध रुग्णाची सुटका

नागपूर इस्पितळाच्या इतिहासातील सर्वांत परिचित नाव म्हणजे ताजुद्दीन बाबा. त्यांचा जन्म १८६१ मध्ये कामठी येथे झाला. काही काळ लष्करात नोकरी केल्यावर ते परत आले आणि त्यांचे वर्तन लौकिक रीतीस सोडून असल्याने १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल करण्यात आले. तेथे ते सुमारे सोळा वर्षे होते. या काळात इस्पितळाच्या दाराशी भाविकांची रीघ लागत असे, हे त्यांच्या चरित्रपर साहित्यात आवर्जून सांगितले जाते. १९०८ मध्ये नागपूरच्या भोसले घराण्यातील राजे रघुजीराव यांनी त्यांची जबाबदारी स्वीकारली व त्यांना आपल्या शकरदरा येथील वास्तूत नेले. १९२५ मध्ये बाबांचे देहावसान झाले. आजही हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांतील भाविक त्यांच्या दर्ग्यावर जातात.

भाविकांसाठी या घटनेचा अर्थ वेगळा आहे आणि त्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. कायद्याच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती फार महत्त्वाची आहे. सोळा वर्षांच्या काळात मासिक पाहणीची तरतूद अस्तित्वात होती. हिशेब केल्यास अशा जवळजवळ दोनशे भेटी कायद्याला अपेक्षित होत्या. तरीही सुटका झाली ती हमीच्या मार्गाने. हमीदार नातेवाईक नव्हता, कायद्याच्या भाषेत तो ‘स्नेही’ होता, आणि तो राजघराण्यातील होता. ज्या माणसाच्या दर्शनासाठी गर्दी लोटत होती त्याला हमीदार मिळण्यास सोळा वर्षे लागली. मग हिंगणघाट तहसिलीतून पोलिसांनी आणून सोडलेल्या, ज्याचे गावही धड नोंदलेले नाही अशा माणसाला हमीदार कोठून मिळणार होता?

१९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याने जुन्या कायद्यांची जागा घेतली. परंतु अभ्यागतांची मासिक पाहणी, तीन अभ्यागतांच्या आदेशाने होणारी सुटका आणि नातेवाईक अगर स्नेह्याच्या हमीवरील सुटका या तिन्ही तरतुदी थोड्याफार फरकाने तशाच राहिल्या. १९२० च्या सुमारास ‘असायलम’ हा शब्द जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ आले. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. या समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातील मनोरुग्णालयांची पाहणी केली होती. बहुतेक रुग्णालये कालबाह्य असून ती उपचारापेक्षा माणसाला सुरक्षितपणे डांबून ठेवण्याच्या हेतूने बांधली गेली आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९१२ चा हा कायदा स्वतंत्र भारताने १९९३ पर्यंत चालविला, ही बाब येथे नमूद केली पाहिजे. संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क दिल्यानंतरही त्रेचाळीस वर्षे मनोरुग्णाचे स्वातंत्र्य इंग्रजांच्या कायद्यानेच मोजले जात होते.

वर्धा जिल्हा आणि कुष्ठरोग्यांचा कायदा

मनोरुग्णांप्रमाणेच कुष्ठरोग्यांनाही बंदिस्त करण्याचा कायदा होता. १८९८ च्या या केंद्रीय कायद्याचा रोख भिक्षा मागणाऱ्या, निराधार कुष्ठरुग्णांवर होता. अशा व्यक्तीला पोलिसांनी वॉरंटाशिवाय पकडावे, वैद्यकीय निरीक्षकाने दाखला द्यावा आणि दंडाधिकाऱ्याने आश्रयालयात पाठवावे, असा त्याचा क्रम होता. पळून गेलेल्या रुग्णास पकडून परत आणता येत असे. कुष्ठरुग्णाने अन्नपदार्थ विकणे, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणे अशा गोष्टींना मनाई करण्याची सोयही त्यात होती. या आश्रयालयांसाठीही मंडळे नेमण्याची व त्यांनी वेळोवेळी पाहणी करण्याची तरतूद ठेवण्यात आली होती. म्हणजे साचा तोच होता.

वर्धा जिल्ह्याचे वैशिष्ट्य असे की येथे या साच्याच्या बाहेर एक वेगळा प्रयोग झाला. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. तेथे रुग्णांना दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने आणले जात नव्हते; शेती, सूतकताई, गोपालन यांत रुग्णांचा सहभाग हा त्या संस्थेचा पाया होता. १९४९ मध्ये समुद्रपूरच्या शेजारच्या वरोरा येथे बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली व आनंदवन उभे राहिले. १९५१ मध्ये वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाची स्थापना झाली आणि रुग्णाला संस्थेत आणण्याऐवजी गावोगाव जाऊन तपासणी, शिक्षण व उपचार करण्याची पद्धत तिने रुजविली.

या संस्थांच्या सेवाकार्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखकाला वाटते की त्यांच्या कायदेविषयक अर्थाकडे मात्र आपले लक्ष गेले नाही. समाजाने बाहेर टाकलेल्या माणसाला संस्थेत ठेवायचे असेल तर दाराला कुलूप असलेच पाहिजे, हे १८९८ च्या कायद्यामागील गृहीतक या जिल्ह्याने प्रत्यक्ष कृतीने खोटे ठरविले होते. तरीही तो कायदा कागदावर राहिलाच. विधी आयोगाने एप्रिल २०१५ मधील आपल्या दोनशे छप्पनाव्या अहवालात त्याच्या निरसनाची शिफारस केली आणि संसदेने २०१६ मध्ये तो रद्द केला. दत्तपूरच्या स्थापनेनंतर ऐंशी वर्षांनी!

अमेरिकेतील मार्ग

तुलनेसाठी अमेरिकेतील घडामोडींकडे थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. तेथे मनोरुग्णालये, मतिमंदांच्या संस्था व बहुसंख्य कारागृहे घटक राज्यांच्या अखत्यारीत होती. १९७० च्या दशकात अलाबामा राज्यातील ब्राइस रुग्णालय आणि न्यूयॉर्कमधील विलोब्रुक शाळा येथील भीषण स्थिती न्यायालयांपुढे आली. काही खटल्यांत केंद्रीय न्याय खाते सहभागी झाले. परंतु मेरीलँड राज्यातील रोझवुड संस्थेच्या प्रकरणात, स्पष्ट कायदा नसताना केंद्र सरकारला असा दावा आणण्याचा अधिकार नाही, असे अपील न्यायालयाने १९७७ मध्ये ठरविले. ही उणीव भरून काढण्यासाठी काँग्रेसने संस्थेतील व्यक्तींच्या नागरी हक्कांविषयीचा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी मे १९८० मध्ये त्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्याने केंद्राच्या महान्यायवाद्याला घटक राज्याच्या संस्थेविरुद्ध दावा आणण्याचा अधिकार दिला. एखाद्या रुग्णाची वैयक्तिक तक्रार त्यासाठी पुरेशी नाही; हक्कभंग ही त्या संस्थेची रीतच झाली आहे असे दिसावे लागते. दाव्यापूर्वी किमान एकोणपन्नास दिवस राज्याला त्रुटी व उपाय लेखी कळवावे लागतात. त्यामुळे अनेक प्रकरणे तडजोडीच्या हुकूमनाम्याने मिटतात. येथे लक्षात घेण्यासारखा मुद्दा असा की आतल्या माणसाने तक्रार करण्याची, वकील शोधण्याची किंवा खर्च सोसण्याची गरजच या कायद्याने उरू दिली नाही. एक शासन दुसऱ्या शासनाला न्यायालयात खेचते.

आपल्या संविधानात केंद्र व राज्य यांच्यातील वादांसाठी एकशे एकतिसावा अनुच्छेद आहे. परंतु राज्याच्या मनोरुग्णालयातील रुग्णांच्या वतीने केंद्राने त्याचा आधार घेतल्याचे आपल्याकडील परंपरेत दिसत नाही. येथे ती जागा पोस्टकार्डाने घेतली.

पत्र हीच याचिका

१९८१ मध्ये उपेंद्र बक्षी व लोतिका सरकार या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी आग्रा येथील संरक्षणगृहातील स्त्रियांच्या अवस्थेविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते याचिका म्हणून दाखल करून घेतले. १९८२ मध्ये हजारीबाग येथील कायदेविषयक मदत समितीच्या पत्रावरून तेथील कारागृहातील मनोरुग्ण बंद्यांचे प्रकरण पुढे आले. त्यांतील काही जण बरे झाल्यानंतरही वीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगातच होते, कारण त्यांना सोडण्याचा कागद कोणी हलविला नव्हता.

महाराष्ट्रापुरते पाहिल्यास पत्रकार शीला बारसे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. मुंबईतील पोलीस कोठड्यांमध्ये स्त्रियांना मारहाण होते, असे त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला कळविले. न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. आरमाइटी देसाई यांना कारागृहात जाऊन स्त्री बंद्यांच्या एकांतात मुलाखती घेण्यास सांगितले. त्यांच्या अहवालानंतर १५ फेब्रुवारी १९८३ रोजी जो निकाल देण्यात आला, त्याने स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, स्त्री पोलिसांचा पहारा, अटकेबरोबर कायदेविषयक मदत समितीला कळविणे आणि न्यायाधीशांनी कोठड्यांना अचानक भेटी देणे असे निर्देश दिले.

या निकालात १८५८ च्या अभ्यागताचा पुनर्जन्म झालेला दिसतो. फरक एवढाच की आता अभ्यागत सरकारने नेमलेला नव्हता, न्यायालयाने नेमलेला होता. तो एका महाविद्यालयातून आला होता. महाविद्यालयीन प्राध्यापकांनी या इतिहासात बजावलेली ही भूमिका आपल्यासारख्या ग्रामीण महाविद्यालयांनीही विसरू नये असे वाटते.

रांची येथील मनोरुग्णालयाच्या प्रकरणात न्यायालयाला आहाराच्या रकमेपर्यंत खाली उतरावे लागले. प्रत्येक रुग्णामागे दररोज साडेतीन रुपयांपेक्षाही कमी खर्च होत होता. तो किमान दहा रुपये करण्याचा आदेश १९८६ मध्ये देण्यात आला. हे न्यायालयाचे काम नव्हे, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला. तो तत्त्वतः बरोबरही असेल. मात्र ज्यांचे ते काम होते त्यांनी ते केले असते तर हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेलाच नसता.

मानवी हक्क संरक्षण अधिनियम १९९३ मध्ये झाला व राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. भारतात अमेरिकी पद्धतीच्या सर्वांत जवळ जाणारी यंत्रणा हीच म्हणावी लागेल. कारण आयोग ही कायद्याने निर्माण केलेली सार्वजनिक संस्था असून अठराव्या कलमानुसार ती सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयात राज्याविरुद्ध दाद मागू शकते. उपचार, सुधारणा किंवा संरक्षण यांसाठी जेथे व्यक्तींना ठेवले जाते अशा राज्याच्या संस्थांना भेट देण्याचा अधिकारही आयोगाला देण्यात आला. परंतु मूळ कलमात ही भेट राज्य सरकारला कळवून द्यावी, अशी अट होती. पाहुणा येणार हे आधी कळले की चादरी बदलल्या जातात, हे सांगण्यास संशोधनाची गरज नाही. २००६ च्या दुरुस्तीने ती अट काढून टाकण्यात आली.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा व ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांवरील देखरेख आयोगाकडे सोपविली. आयोगाने बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या साहाय्याने देशातील सदतीस मनोरुग्णालयांचा अभ्यास करवून १९९९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. कोठडीसारख्या खोल्या, उंच भिंती, अपुरे कर्मचारी यांचे त्यातील वर्णन वाचताना मूर टेलर यांच्या १९४६ मधील शब्दांची आठवण होते.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. अठ्ठावीस जण दगावले. सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून दखल घेतली आणि सर्व राज्यांना अशा स्थळांचे जिल्हानिहाय सर्वेक्षण करण्याचा आदेश दिला. श्रद्धास्थळी रुग्णाला घेऊन जाणारे कुटुंब निर्दय असते असे मानणे चुकीचे आहे. जवळच्या तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ नसतो आणि मनोरुग्णालयाची भीती वाटते, म्हणून ते तेथे जाते.

महाराष्ट्रातील दोन प्रसंग

शासन हेच पालक आणि शासन हेच हक्कभंग करणारे, ही विसंगती महाराष्ट्रात दोन प्रसंगी विशेष तीव्रतेने उघड झाली. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीच्या काळातील स्वच्छता राखणे कर्मचाऱ्यांना कठीण जाते, असे त्याचे समर्थन केले गेले. स्त्री संघटनांनी तीव्र विरोध केल्यावर उर्वरित शस्त्रक्रिया थांबविण्यात आल्या. मुलींच्या वतीने संमती देणारा पालक कोण होता? शासनच. संमती घेणाराही तोच होता.

दुसरा प्रसंग २०१० चा. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कवडास येथील मतिमंद मुलांच्या वसतिगृहातील कुपोषण व मृत्यूंच्या बातम्या वाचून मुंबई उच्च न्यायालयाने स्वाधिकारे जनहित याचिका दाखल करून घेतली. राज्यातील अशा सर्व संस्थांची पाहणी करण्यासाठी डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती काम करू लागली. पुढच्याच वर्षी पनवेलजवळील एका खाजगी संस्थेतील मुलींवरील अत्याचार उजेडात आले व २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरविले. या संस्थांना शासनाची मान्यता होती. त्यांची तपासणी होत असल्याच्या नोंदीही असणारच. (‘मतिमंद’ हा शब्द येथे त्या काळातील शासकीय वापरानुसार ठेवला आहे, आज ‘बौद्धिक दिव्यांग’ असे म्हटले जाते. संस्थांच्या पाट्या बदलल्या, ही सुधारणा त्यातल्या त्यात सोपी होती.)

हमीदार म्हणून शासन

मानसिक आरोग्य अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला. तो अमलात येण्यास १ एप्रिल १९९३ उजाडला. त्याने अभ्यागतांची संख्या किमान पाच केली व त्यांत दोन समाजकार्यकर्ते असावेत असे ठरविले. रुग्णाला शारीरिक वा मानसिक क्रूरतेची वागणूक देऊ नये, हे प्रथमच कायद्यात लिहिले गेले. तरी मूळ रचना तीच राहिली. घरचे कोणी न्यायला आले तर बरा झालेला रुग्ण घरी जाई, न आल्यास वर्षानुवर्षे आतच राही.

खरा बदल २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने केला. २९ मे २०१८ पासून तो लागू झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार, कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात राहण्याची सोय नाही, केवळ एवढ्या कारणासाठी कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. ज्याला कुटुंबाने टाकले आहे त्याला कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावण्यासाठी शासनाने कायदेविषयक साहाय्य द्यावयाचे आहे, आणि ते शक्य नसेल तर अर्धमार्गगृहे, गटनिवास अशा सोयी उभारावयाच्या आहेत. १८५८ च्या कायद्यात हमीदार शोधण्याचे ओझे रुग्णावर होते. २०१७ च्या कायद्याने शासनालाच हमीदार केले. राजे रघुजीराव यांनी एका माणसासाठी जे केले, ते प्रत्येक निराधार रुग्णासाठी करणे आता महाराष्ट्र शासनावर बंधनकारक आहे.

अभ्यागतांची जागा या कायद्यात मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळांनी घेतली. अध्यक्षपदी जिल्हा न्यायाधीश किंवा त्या दर्जाची व्यक्ती, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, दोन वैद्यकीय सदस्य आणि उर्वरित दोन जागांवर मानसिक आजाराचा अनुभव असलेल्या व्यक्ती, त्यांची काळजी घेणारे किंवा या क्षेत्रातील संस्थांचे प्रतिनिधी, अशी त्यांची रचना आहे. जो कधी काळी आत होता त्याला आता पाहणाऱ्यांच्या बाजूला बसता येते. १८५८ पासूनच्या इतिहासात असे यापूर्वी कधीही घडले नव्हते.

अंमलबजावणीचे चित्र मात्र वेगळे दिसले. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये असून त्यांची मंजूर खाटांची संख्या अनुक्रमे २५४०, १८५०, ९४० व ३६५ अशी सांगितली जाते. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनाविषयी सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या याचिकेत ६ जुलै २०२१ रोजी एक गोष्ट पुढे आली. महाराष्ट्रात अशा व्यक्तींना भिक्षेकरीगृहांत व वृद्धाश्रमांत हलविले जात होते. एका बंदिस्त संस्थेतून दुसऱ्या बंदिस्त संस्थेत, आणि कागदोपत्री पुनर्वसन पूर्ण! न्यायालयाने हे कायद्याच्या हेतूविरुद्ध असल्याचे सांगून ते तत्काळ थांबविण्यास बजावले. मुंबई उच्च न्यायालयापुढेही एका मानसोपचारतज्ज्ञाच्या जनहित याचिकेच्या निमित्ताने, दहा वर्षांहून अधिक काळ मनोरुग्णालयांत राहिलेल्या रुग्णांचा प्रश्न आला. अशा रुग्णांची संख्या शेकड्यांत होती. २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांच्या प्रकरणांचे पुनर्विलोकन करण्याचे निर्देश दिले.

मुंबई व दिल्लीतील या आदेशांचा तालुक्याच्या पातळीवर संबंध कोठे येतो, हे पाहणे आवश्यक आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या बाराव्या कलमान्वये मनोरुग्णालयात, संरक्षणगृहात किंवा बालगृहात ताब्यात असलेली प्रत्येक व्यक्ती, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळण्यास पात्र आहे. हा अधिनियम १९९५ पासून लागू आहे आणि त्याखाली तालुका विधी सेवा समित्यांची तरतूद आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१५ मध्ये मनोरुग्णांसाठी स्वतंत्र योजनाही केली. नागपूरहून एखाद्या रुग्णाच्या घरच्या पत्त्यावर ‘रुग्ण बरा झाला आहे, घेऊन जावे’ असे पत्र येते. शेतीची वाटणी झालेली असते, भाऊ वेगळे राहत असतात, पत्नी माहेरी गेलेली असते आणि पत्र परत जाते. १९१२ च्या कायद्यात प्रकरण येथे संपत असे. २०१७ च्या कायद्यात याच ठिकाणी शासनाच्या वकिलाचे काम सुरू होते. सातबाऱ्यावर त्या रुग्णाचे नाव आहे की वाटणीत ते गाळले गेले, हे तपासण्यासाठी त्याला मुंबईला जावे लागत नाही. तलाठी कार्यालय पुरते.